काचेच्या टाकीतील जखमी व आजारी मासा : उपचार व निगा

खेड्यातील घराच्या ओसरीवर शोभेच्या माशांची काचेची टाकी दिसणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे विकावयास येतात, शाळांच्या व्हरांड्यांत टाक्या ठेवल्या जातात, आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तर हिवताप-डेंगीविरोधी मोहिमांमुळे गावोगावी पोहोचले आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश करण्यात आला, आणि घरच्या घरी करता येण्याजोगा जोडधंदा म्हणूनही या माशांकडे पाहिले जाऊ लागले. साहजिकच गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास पिकावरील किडीबद्दल विचारता विचारता एखादे वेळी माशाबद्दलही विचारले जाते. प्रश्न बहुधा एकच असतो : “मासा आजारी दिसतो, कोणते औषध टाकू?”

प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, मत्स्यतज्ज्ञ नव्हे. तथापि विद्यार्थिदशेपासून टाकी बाळगण्याचा छंद असल्याने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्याची काही वर्षे व बरेच मासे खर्ची पडले आहेत. त्या अनुभवाचा उपयोग इतरांना व्हावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

एका गावी पाहिलेला प्रकार

काही महिन्यांपूर्वी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीची पाहणी करण्यासाठी एका गावी गेलो होतो. पाहणी आटोपल्यावर शेतकऱ्याने चहासाठी घरी नेले. ओसरीवर दोन फूट लांबीची काचेची टाकी होती आणि तिच्यासमोर त्यांचा नववीतील मुलगा गुडघ्यांत मान घालून बसला होता. आजीने दिलेल्या पैशांतून त्याने दोन महिन्यांपूर्वी पाच गोल्डफिश आणले होते. त्यांपैकी दोन मेले होते. उरलेल्यांतील सर्वांत मोठा केशरी मासा तळाशी एका अंगावर कललेला होता. त्याच्या उजव्या कुशीवरील चार-पाच खवले निघाले होते, जखमेची कड लाल झाली होती, तिच्यावर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी आली होती, आणि शेपटीच्या कडा जुन्या कापडासारख्या विरल्या होत्या.

पाण्याचा रंग हिरवट निळा होता. चौकशी करता असे समजले की, दुकानदाराने दिलेले निळे औषध प्रथम टाकले. गुण येईना म्हणून औषधांच्या दुकानातून माणसाच्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल आणून त्यांतील पिवळी भुकटी टाकली. आणि जखमेला हळद चांगली म्हणून शेवटी चमचाभर हळदही टाकली. वडील म्हणाले, “साहेब, आता आणखी काय टाकायचं ते सांगा. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही.”

मी सांगितले की, आता काहीही टाकावयाचे नाही. टाकलेले काढावयाचे आहे.

प्रथम पाणी पाहावे

जनावर आजारी पडले तर त्यास गोठ्यातून बाहेर काढता येते, मोकळ्या हवेत बांधता येते. मासा ज्या पाण्यात मलमूत्र टाकतो त्याच पाण्यात श्वास घेतो, आणि त्या पाण्यातून त्यास बाहेर पडता येत नाही. म्हणून टाकीतील मासा आजारी दिसला की दहांपैकी सात-आठ वेळा दोष पाण्यात सापडतो, असे मी अनुभवाने सांगू शकतो. रोगजंतू व बुरशीचे बीज थोड्याफार प्रमाणात प्रत्येक टाकीत असतेच. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण त्यांस आत शिरू देत नाही. पाणी बिघडले की हे आवरण दुबळे होते, आणि मग साधे खरचटणेही चिघळते.

पाणी बिघडते म्हणजे काय होते, हे शेतकऱ्यास समजावून देणे अवघड नाही. जमिनीत युरिया टाकला की त्याचे अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, आणि अमोनियापासून नायट्रेट बनविण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात, हे आपण पिकांच्या संदर्भात नेहमी सांगत असतो. टाकीतही हेच चक्र चालते. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशास विषासमान आहे. त्याचे एका प्रकारचे जीवाणू नायट्राइट बनवितात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात, जे त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते. हे दोन्ही जीवाणू गाळणीच्या स्पंजवर, खड्यांवर व काचेवर वस्ती करून राहतात. नव्या टाकीत ही वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि नवीन टाकीतील मासे पहिल्या महिन्यात पटापट मरतात ते बहुतांशी याच कारणाने.

सदरहू मुलगा स्वच्छतेच्या बाबतीत फार दक्ष होता. दर रविवारी तो टाकीतील सर्व पाणी उपसून टाकी घासून काढी, आणि गाळणीचा स्पंज ग्रामपंचायतीच्या नळाखाली पिळून पिळून धुवी. त्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर मिसळलेली असते. तिच्यातील क्लोरीन पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी आवश्यक आहे, पण त्याच क्लोरीनने स्पंजवरील उपयुक्त जीवाणूही मरतात व माशांचे नाजूक कल्ले भाजून निघतात. म्हणजे टाकी दर रविवारी पुन्हा पहिल्या दिवसाची होत होती, आणि मासे दर आठवड्यास अमोनियात राहत होते.

त्या मुलास मी रागावलो नाही, कारण वसतिगृहात असताना मीही हेच केले होते. परीक्षा संपल्याच्या आनंदात टाकी रिकामी करून, खडे कपडे धुण्याच्या साबणाने धुऊन, नळाचे ताजे पाणी भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही मासे पृष्ठभागावर तरंगत होते, आणि पाणी मात्र आरशासारखे नितळ होते. पाणी नितळ आहे म्हणजे ते चांगले आहे, हा समज त्या दिवशी माझ्या मनातून गेला.

अमोनिया व नायट्राइट तपासण्याच्या थेंबांच्या संचाची किंमत फार नसते. जो कोणी माशांचा जोडधंदा करू इच्छितो त्याने औषधांच्या बाटल्यांऐवजी प्रथम हा संच घ्यावा. दोहोंचे प्रमाण शून्य असावयास हवे. आपल्याकडील काळ्या खडकाच्या प्रदेशातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते व त्याचा सामूही ७ च्या वर असतो. सामू जितका जास्त आणि पाणी जितके उष्ण, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातील टाकीस हे विशेषेकरून लागू पडते. शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सियसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला सुमारे साडेसातच. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर रोग शोधण्यापूर्वी हवेचा पंप चालू आहे काय, रात्री वीज गेली होती काय, हे पाहावे. वीज नसताना दर पाव तासाने तांब्याभर पाणी काढून तेच उंचावरून टाकीत ओतीत राहावे, आणि खाद्य देऊ नये.

टाकीचे माप

पिकावर औषध फवारताना आपण पंपाच्या पाण्याचे माप घेतो व औषध मिलिलिटरमध्ये मोजतो. टाकीच्या बाबतीत मात्र ‘दोन झाकणे’, ‘चिमूटभर’ असा हिशेब चालतो. तो सोडावा. लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व १,००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. त्या मुलाची टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि पाणी ३५ सेंटीमीटर उंच होते, म्हणजे ६३ लिटर. खडे व दगड यांची जागा वजा जाता सुमारे ५५ लिटर पाणी धरले. गोल्डफिश हा खादाड व घाण करणारा मासा आहे. एवढ्या पाण्यात एक, फार तर दोन ठेवावेत. तेथे पाच ठेवले होते.

जखमी माशाचा उपचार

त्या दिवशी पुढीलप्रमाणे व्यवस्था केली. टाकीतील एक-तृतीयांश पाणी रबरी नळीने तळातून काढले. नळी तोंडाने ओढून चालू न करता ती आधी पाण्याने भरून घ्यावी. टाकीचे पाणी तोंडात जाणे चांगले नाही. घरात आदल्या दिवसापासून उघड्या पिंपात भरून ठेवलेले पाणी होते, ते तितकेच हळूहळू भरले. रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवलेल्या पाण्यातील क्लोरीन उडून जातो, आणि पाण्याचे तापमानही खोलीच्या तापमानाशी जुळते. गाळणीत पाणी शुद्ध करण्याचा सक्रिय कोळसा बसविण्यास सांगितले. निळे औषध व कॅप्सूलची भुकटी तो बऱ्याच अंशी शोषून घेतो. चुलीतील कोळसा या कामी वापरू नये. असे पाणी-बदल पुढे एक दिवसाआड तीनदा करावयाचे ठरले. सर्व पाणी एकदम बदलणे कटाक्षाने टाळावे.

जखम कशाने झाली हेही शोधले. तळाशी शोभेसाठी ओढ्यातील दगडांबरोबर खडी केंद्रावरील दोन टोकदार तुकडे ठेवले होते. मासा दचकला की त्यांवर घासला जाई, आणि धाकटी बहीण काचेवर टिचक्या मारी तेव्हा तो नेमका दचके. ते तुकडे काढले.

जखमी माशास वेगळे करणे हे पुढचे पाऊल होय. इतर मासे जखमेस टोचतात, आणि दुबळा मासा खाद्यासाठी झगडू शकत नाही. त्यासाठी वीस लिटरचा नवीन टब घेतला. घरातील जुनी बादली वापरण्यास मी स्पष्ट नकार दिला, कारण कीटकनाशक कालविलेली बादली कितीही धुतली तरी माशांसाठी वापरू नये. याविषयी पुढे अधिक सांगितले आहे. टबात क्लोरीन उडालेले पाणी, हवेचा दगड व वर जाळी एवढेच ठेवले. तळाशी खडे नकोत, म्हणजे विष्ठा दिसते व काढता येते.

मासा पकडताना जाळीने पाठलाग करू नये. जाळीत परांच्या काड्या अडकतात व अंगावरील आवरण खरवडले जाते. रुंद वाडगा पाण्यात बुडवून मासा त्यात हाकलावा व पाण्यासह उचलावा. हात लावणे भागच असेल तर हात आधी पाण्याने ओले करावेत.

या टबात उपचार म्हणून साधे खडेमीठ वापरले. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात झिरपत असते आणि ते बाहेर टाकण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. जखम झाली की हा शिरकाव वाढतो. पाण्यात थोडे मीठ असले की हा ताण हलका होतो. शिवाय मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरण्यास अटकाव होतो, आणि बुरशीस व कित्येक बाह्य परजीवींस मीठ मानवत नाही. दर लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात वीस लिटरला ६० ग्रॅम मीठ तराजूवर तोलून घेतले, वेगळ्या भांड्यात विरघळविले, आणि त्याचे तीन भाग करून सकाळ, सायंकाळ व दुसऱ्या सकाळी टाकले. मीठ एकदम टाकू नये आणि खडे माशाच्या अंगावर पडू देऊ नयेत.

एक गोष्ट येथे पुष्कळ जण चुकतात. पाणी उडून जाते, मीठ उडून जात नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या पाण्याने करावी. पाणी काढून बदलले असेल तेव्हाच, आणि काढलेल्या पाण्याच्याच हिशेबाने, नवे मीठ घालावे. अन्यथा आठवड्याभरात पाणी नकळत खारट होते. तसेच मागूर जातीचे बिनखवल्यांचे मासे व टाकीतील वनस्पती यांना मीठ सोसत नाही. त्यांच्या टाकीत हा उपाय करू नये.

जखमेवर पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात पातळ करून लावले. ओल्या स्वच्छ फडक्यात मासा धरून, डोळे व कल्ले झाकून, कापसाच्या बोळ्याने जखमेपुरतेच टिपले व लगेच पाण्यात सोडले. या सर्वास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागू नये. औषधाचा थेंब कल्ल्यांत गेला तर जखमेपेक्षा मोठी इजा होते. हे तीन दिवस, दिवसातून एकदा केले.

पहिले दोन दिवस खाद्य दिले नाही. मुलाच्या आजीस हे मुळीच पटले नाही. आजारी जिवाला उपाशी ठेवणे त्यांच्या दृष्टीने पाप होते. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्याने चार-पाच दिवसांचा उपास त्यास सहज सोसतो आणि न खाल्लेले खाद्य मात्र टबात कुजून विष होते, असे सांगितल्यावर त्यांनी नाइलाजाने मान डोलावली. टबात जीवाणूंची वस्ती नसल्याने रोज निम्मे पाणी बदलणे आवश्यक होते. ते मुलाने वहीत तारीखवार नोंद ठेवून केले. वर्गातील अभ्यासाची वही इतकी नीट नसते, अशी तक्रार वडिलांनी केली.

बुरशी चार-पाच दिवसांत हटली नाही तर मिथिलिन ब्ल्यू हे निळे औषध वापरता येते. एक टक्का द्रावण असल्यास दर १० लिटरला २ मिलिलिटर पुरे. मात्र ते वेगळ्या टबातच वापरावे. मुख्य टाकीत टाकल्यास गाळणीतील जीवाणू मरतात व काचेचे सांधे निळे होतात. त्या मुलाच्या टाकीत नेमके हेच झाले होते.

अंगावरील पांढरे ठिपके

थंडीच्या सुरुवातीस रात्री पाणी एकदम गार होऊ लागले की सर्वाधिक आढळणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके. अंगावर व परांवर बारीक मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात आणि मासा खड्यांवर अंग घासू लागतो. हा एका सूक्ष्म परजीवीचा उपद्रव आहे. त्याचे जीवनचक्र समजून घेतल्याविना उपचार फुकट जातो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

ठिपका दिसतो तो परजीवी माशाच्या कातडीच्या आत असतो, आणि तेथे त्यास कोणतेही औषध लागू पडत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी पडतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून त्याची शेकडो पिले होतात. कवचातही औषध पोहोचत नाही. कवच फोडून पिले पाण्यात पोहू लागतात व दोन-एक दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषध वा मीठ लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणूनच एका दिवसाच्या औषधाने ठिपके नाहीसे झाले की रोग गेला असे समजू नये. ते ठिपके बहुधा आपोआप गळलेले असतात, आणि आठवड्याभरात दसपट होऊन परत येतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीवर ती शेंगेत शिरण्यापूर्वीच फवारणी का करावी, हे ज्यास समजले त्यास हेही समजेल.

पाणी कोमट असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. यासाठी हीटरने पाण्याचे तापमान हळूहळू, काही तासांनी एकेक अंश याप्रमाणे, ३० अंशांपर्यंत न्यावे. हवेचा पुरवठा वाढवावा. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ टप्प्याटप्प्याने द्यावे. रोज तळातील गाळ नळीने ओढून घ्यावा, त्याबरोबर कवचेही निघून जातात. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर हा क्रम चालू ठेवावा. येथे सर्व टाकीवरच उपचार करावा लागतो. एक मासा वेगळा काढून भागत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर व पुढील परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे टपोरे दाणे येतात. तो रोग नव्हे. फक्त त्याच जागी, रांगेने असलेले दाणे दिसले व मासा हुशार असला, तर त्यास उगीच औषधात बुडवू नये.

इतर काही विकार

वाटोळ्या पोटाचा गोल्डफिश पाण्यावर उलटा तरंगू लागला तर पुष्कळदा ते अतिखाण्याने झालेले बद्धकोष्ठ असते. दोन-तीन दिवस उपास घडवून नंतर उकडलेला, साल काढलेला मटाराचा दाणा चुरून द्यावा. कोरडे खाद्य पाण्यात भिजवून देण्याची सवय ठेवल्यास हा त्रास कमी होतो.

नवीन माशांबरोबर चपटी, बशीच्या आकाराची ऊ किंवा शरीरात रुतून बसणारा धाग्यासारखा नांगरकृमी टाकीत येतो. दोन्ही डोळ्यांस दिसतात. चिमट्याने मुळाशी धरून सावकाश काढावेत व जागा वरीलप्रमाणे आयोडीनने टिपावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे विकत आणलेला प्रत्येक मासा तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवूनच मुख्य टाकीत सोडणे. पैदास करणाऱ्या महिलांनी तर हा नियम मोडूच नये; एका पिशवीतील दोन माशांनी घरातील सर्व टाक्या रिकाम्या होऊ शकतात.

झुंजार मासा, ज्यास दुकानात फायटर म्हणतात, त्याचे दोन नर एकत्र ठेवल्यास परांच्या चिंध्या होतात. वेगळे करणे व स्वच्छ पाणी याखेरीज त्यास बहुधा औषध लागत नाही. फाटलेला पर पुन्हा वाढतो. नवी वाढ प्रथम काचेसारखी पारदर्शक दिसते, ती कुजण्याची खूण समजू नये.

पोट फुगून खवले सीताफळाच्या डोळ्यांप्रमाणे उभे राहिले तर मात्र आशा थोडी असते. आतील अवयव निकामी झाल्याचे ते लक्षण होय.

शेतकऱ्याच्या घरी विशेष जपण्याच्या गोष्टी

सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशके माशांस अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत खाद्य टाकू नये. डास मारण्याच्या वड्या व द्रव औषधांतही याच कुळातील द्रव्ये असतात, आणि हवेचा पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. म्हणून टाकी असलेल्या खोलीत ती जाळू नयेत.

प्रतिजैविकांच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने टाकू नयेत. त्या गाळणीचे जीवाणू मारतात, आणि अर्धवट मात्रेने रोगजंतू औषधास दाद न देणारे बनतात. मॅलाकाइट ग्रीन हे शोभेच्या माशांच्या औषधांत आढळणारे हिरवे द्रव्य खाण्याच्या माशांसाठी निषिद्ध आहे. टाकीसाठी आणलेली बाटली शेततळ्यातील रोहू-कटल्यासाठी कदापि वापरू नये. मोठ्या प्रमाणावर मासे दगावत असल्यास जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी, अथवा रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल त्याच्याशी संपर्क साधावा. हातावर जखम असता टाकीत हात घालू नये. माशांच्या क्षयाशी संबंधित एका जंतूने माणसाच्या कातडीवर दीर्घकाळ न भरणारी गाठ येऊ शकते.

वाचणार नाही असा मासा नदीत, विहिरीत वा नाल्यात सोडण्याची पद्धत आहे. त्यास सुटका म्हणतात, पण रोग मात्र गावच्या पाण्यात जातो. निरोगी मासाही सोडू नये. टाकीतील काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सोडला गेल्याने जलाशयांत पसरला आहे व मच्छीमारांची जाळी फाडतो. उजनीच्या मच्छीमारांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. माशाचे हाल पाहवत नसतील तर लवंगतेलाचे दहा थेंब कोमट पाण्याच्या लहान बाटलीत दुधासारखे होईतो हलवून एक लिटर पाण्यात मिसळावेत व त्यात मासा ठेवावा. तो प्रथम गुंगतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवावा व नंतर पाण्यापासून दूर खोल पुरावा. मासा जमिनीवर तडफडत टाकण्यापेक्षा हे निश्चितच बरे.

त्या मुलाच्या उरलेल्या तीन माशांपैकी मुख्य टाकीतील एक मासा माझ्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी मेला. तीन औषधांचा मारा त्यास सोसला नसावा. टबातील केशरी मासा पाचव्या दिवशी सरळ पोहू लागला, सातव्या दिवशी खाद्यास वर आला. तीन आठवड्यांनी टबातील मीठ पाणी-बदलांबरोबर कमी करीत आणून त्यास टाकीत परत सोडण्यात आले. तुरीच्या दुसऱ्या पाहणीस गेलो तेव्हा मुलाने वही दाखविली. स्पंज आता तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळतो, दर आठवड्यास केवळ पाचवा हिस्सा पाणी बदलतो, आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल तितकेच देतो. माशाच्या कुशीवर खवले पुन्हा आले होते. फक्त तेवढ्या जागी केशरी रंग न येता रुपयाएवढा पांढरा डाग राहिला होता.